लाल टॉवेल

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. सतरंजीवर रायफली मांडतात, काठ्या मांडतात, बेड्या मांडतात, जीपला झेंडूचा हार घालतात आणि सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. यंदा त्या रांगेत महिन्याभरापूर्वी आलेले नवे कॅमेरे होते. छातीवर लावायचे, काळे, काड्यापेटीपेक्षा जरा मोठे. त्यांचं ठाण्यात एवढं कौतुक चाललं होतं की नव्या सुनेचंही कुणी करत नाही. पूजेचा मान दरवर्षी नागेश मुळीकांचा. मुळीक म्हणजे ठाण्याचे रायटर. फिर्याद, जबाब, पंचनामा, जे काही कागदावर जायचं ते त्यांच्याच हातून जायचं. त्यांनी रायफलीला कुंकवाचं बोट ओढलं, बेडीला ओढलं आणि त्याच ओल्या बोटानं कॅमेऱ्यांनाही ओढलं. कुठं ओढलं हे बघायची त्यांना गरज वाटली नाही.

ठाण्याचं नाव नको घ्यायला. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत फिरणाऱ्याला असली ठाणी नवी नाहीत.

दुसऱ्या दिवशी योगिनी कोळेकरनं आपला कॅमेरा घेतला तेव्हा त्यावर कुंकू वाळलं होतं. योगिनी शिपाई, नोकरीत मुरलेली, बंदोबस्ताला कायम पुढं. तिनं रुमालानं काच पुसली. पूजेचं कुंकू खसाखसा घासू नये असं आईनं लहानपणापासून बजावलेलं, म्हणून हलक्या हातानं पुसली. मधलं गेलं. वरच्या अंगाला एक पुसट पट्टा राहिला, तो तिला उजेडात दिसलाच नाही. छातीला कॅमेरा अडकवून ती जीपमध्ये बसली; त्या बंदोबस्तात कॅमेरा तिच्या एकटीच्याच वाट्याला आला होता.

कॅमेऱ्यांबरोबर वरून हुकूमही आला होता. आधी व्हिडिओ बघायचा, मग रिपोर्ट लिहायचा. दोन्ही जुळलं पाहिजे. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. पूर्वी एका भांडणाला चार पोलीस गेले तर चौघांचे जबाब चार तऱ्हेचे यायचे. एकाला काठी दिसायची, एकाला दगड, एकाला काहीच दिसायचं नाही कारण तो पळून गेलेला असायचा. मुळीक डोकं धरून बसायचे. पण त्या चार जबाबांत चार माणसं असायची, आणि खरं काय ते त्यांच्या मधे कुठंतरी सापडायचं. आता कॉम्प्युटरभोवती चौघं कोंडाळं करून बसतात, चहा पितात, व्हिडिओ बघतात आणि चौघांचा जबाब अक्षर न् अक्षर एक येतो. तिकडं जाऊन डोळे मिटून उभं राहिलं तरी चालेल, एवढीच सोय बाकी होती.

त्या दिवशी लोणी देवकरच्या एमआयडीसीत कुणा बड्या पाहुण्यांचा दौरा होता. ताफा यायचा म्हणून सकाळपासून रस्ता मोकळा करणं चाललं होतं. फौजदार युवराज बोराटे जीपच्या बॉनेटला टेकून फोनवर फोन घेत होते. योगिनी वाहनं थांबवत होती, आणि जीपचा ड्रायव्हर सिद्धू विनाकारण हॉर्न वाजवत होता. मागं एक लाल एसटी, दोन टेंपो आणि उसाचा ट्रॅक्टर अडकून पडलेला. नेमकी त्याच वेळी गेणबाची मेंढरं रस्त्यावर आली.

गेणबा सत्तरीचा. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरं आता थोडकीच राहिलीत, पण कुणाच्या रानात खतासाठी बसवायला बोलावलं की म्हातारा अजून निघतो. बरोबर त्याचा पोरगा बिरदेव होता. तो तिथल्याच एका कंपनीत कामाला. रात्रपाळी करून सुटला होता आणि कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच घेऊन बापाच्या मदतीला आला होता. ना टॉवेल, ना टोपी. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं ते कुणाच्याच ध्यानात राहणार नाही.

मेंढरू हॉर्नला भिऊन पुढं पळत नाही. ते शेजारच्याच्या पोटाखाली डोकं घालतं आणि जागेवर थांबतं. सिद्धूनं हॉर्न दाबून धरला तशी सगळी मेंढरं रस्त्याच्या मधोमध गोळा होऊन उभी राहिली. बोराटे तावातावानं पुढं आले.

"ए म्हाताऱ्या, हाकल की ती जनावरं."

"साहेब, तेवढा हॉर्न बंद करा," गेणबा म्हणाला. "आवाज थांबला की आपसूक निघत्यात."

म्हातारा खरं तेच सांगत होता. पण फौजदाराला रस्त्यात उभं करून काय करायचं ते सांगितलं, वर सिद्धूसमोर आणि एसटीच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या माणसांसमोर. बोराटेंनी हात उचलला आणि गेणबाच्या कानफटात दिली. पटका उडून मेंढरांत पडला. म्हातारा कान धरून खाली बसला.

योगिनी तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला हात करून उभी होती. आवाज ऐकून तिनं मान वळवली. मान वळली, छाती वळली नाही. तिच्या डोळ्यांनी चापट बघितली आणि तिच्या कॅमेऱ्यानं ट्रॅक्टरचं तोंड बघितलं. ती पूर्ण वळली तेव्हा बिरदेव बोराटेंच्या गळपट्टीला हात घालून उभा होता.

"म्हाताऱ्याला हात लावायचा न्हाय, साहेब," एवढंच तो म्हणाला. एकदा हिसडा दिला आणि स्वतःहून सोडलं. मग सिद्धू आणि बंदोबस्तातले आणखी दोन शिपाई त्याच्यावर पडले. त्याला खाली पाडून बडवलं आणि जीपमध्ये घातलं. गेणबा एका हातानं कान आणि दुसऱ्या हातानं पटका धरून जीपमागं चार पावलं आला, मग मेंढरांकडं परत गेला. तेवढ्यात ताफा निघून गेला. पाहुण्यांनी काच खाली केली नाही.

दुपारी ठाण्यात आल्याआल्या योगिनीनं कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि आपला रिपोर्ट लिहून काढला. तिला तशी सवय होती; डोक्यातलं गरम असतानाच कागदावर उतरवायचं. चापट लिहिली, पटका लिहिला, गळपट्टी लिहिली. काहीच चोरलं नाही. बिरदेवनं साहेबांना धरलं हेही लिहिलं, कारण धरलं होतं. मग तो कागद तिनं मुळीकांपुढं ठेवला.

मुळीक व्हिडिओ बघत होते. त्यांची बघायची तऱ्हा अशी की सलग बघायचंच नाही. जरा चालवायचं, थांबवायचं, एक वाक्य लिहायचं. परत चालवायचं, परत थांबवायचं. गळपट्टीपाशी त्यांनी चित्र थांबवलं आणि चष्मा वर केला.

"हे लाल काय हाय रे, साहेबांच्या गळ्याशी?"

सिद्धू वाकला. "टॉवेल असंल. त्या धनगराचा."

मागं बोराटे उभे होते. सकाळपासून त्यांनी टॉवेलाचं नाव काढलं नव्हतं. जीपमध्ये नाही, फोनवर वरच्या साहेबांशी बोलताना नाही. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, आणि त्यांचा हात आपोआप गळ्याकडं गेला.

"टॉवेलच तो," ते म्हणाले. "आवळला होता त्यानं. मला वाटलंच तेव्हा, श्वास कसा काय अडकतोय."

आता याला काय म्हणावं? तो माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर संतापाची गोष्ट. खोटं बोलणाऱ्याचे डोळे योगिनीनं पुष्कळ बघितले होते. बोराटेंचे तसे नव्हते. त्यांना खरोखरच आठवत होतं. तासाभरात गळ्याला हळद लावून फिरायला लागले.

मुळीकांचा हात असा काही चालला की बास. 'यातील आरोपीने त्याचे ताब्यातील लाल रंगाचे टॉवेलने फिर्यादी यांचा गळा आवळून त्यांना जीवे ठार मारण्याचा प्रयत्न केला.' सरकारी कामात अडथळ्याचं कलम होतंच, त्याच्या डोक्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम चढलं. बोराटेंच्या फिर्यादीत टॉवेल आला, सिद्धूच्या जबाबात आला, बाकी दोघांच्या जबाबात आला. राहता राहिला खुद्द टॉवेल. तो मुद्देमालात पाहिजे म्हणून शोधाशोध झाली, आणि सिद्धूनं जीपच्या सीटखालून काच पुसायचा फडका काढून आणला. विटका, तांबूस, ऑइलचे डाग पडलेला. टॉवेल म्हटलं तर टॉवेल. चहावाला आणि झेरॉक्सवाला पंच म्हणून उभे राहिले, त्याला लाखेचं सील लागलं, आणि त्या फडक्याचा पुरावा झाला.

योगिनीचा कागद मुळीकांनी परत सरकवला.

"योगिनी, तुझ्यात टॉवेल न्हाय."

"टॉवेल नव्हताच, काका."

"व्हिडिओत हाय."

"चापट हाय का व्हिडिओत?"

"न्हाय."

"ती मी बघितलीय."

"तू बघितलीस गं पोरी," मुळीक समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि तो सूर तिच्या डोक्यात गेला. "कॅमेऱ्यानं न्हाय बघितली. कोर्ट कुणाचं ऐकंल? जुळवून लिही अन् मोकळी हो."

बोराटेंनी तेवढ्यात तोंड घातलं. "कोळेकर, म्हातारा तुमच्या पाहुण्यातला दिसतोय." आणि हसले. योगिनीच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, हे सगळ्या ठाण्याला माहीत. तिचे कान तापले. एवढी वर्षं खाकी घालून, रात्री-अपरात्री रस्त्यावर उभी राहून, शेवटी हिची साक्ष म्हणजे पाहुण्यांची ओढ. व्हिडिओला मात्र जात नाही, पाहुणे नाहीत, म्हणून व्हिडिओ खरा.

"उद्या कोर्टात न्यायचंय त्याला," बोराटे म्हणाले. "त्याच्या आत नवा रिपोर्ट टेबलावर पाहिजे. आधी व्हिडिओ बघा. हुकूम आहे."

तिनं व्हिडिओ बघितला. का नाही बघणार, हुकूम होता. मुळीकांनी गळपट्टीपाशी थांबवून ठेवलेलं चित्र समोर होतं: बोराटेंचा लालबुंद चेहरा, बिरदेवचे दोन हात, आणि गळ्याभोवती आडवा लाल पट्टा. धूसर होता, पण होता. तिनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

लॉकअपवरून जाताना बिरदेव गजांना धरून उभा दिसला. ओठ फाटलेला, शर्टाची एक बाही लोंबत होती.

"ताई, आबाला दवाखान्यात न्हेलं का कुणी?" त्यानं विचारलं. "त्येच्या कानाला जोराचं लागलंय."

"तुझ्याजवळ टॉवेल होता का रे?" तिनं विचारलं.

तो तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. "कसला टॉवेल?"

ती पुढं निघून गेली. संध्याकाळी खोलीवर भाकरी थापताना मात्र एकदम तिला टॉवेल आठवला. नुसता आठवला नाही, घामाच्या वासासकट आठवला. बिरदेव पुढं झाला, खांद्यावरून टॉवेल ओढला, टाकला गळ्यात. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकलं, आणि तव्यावरची भाकरी करपली. तिनं तवा आदळला. स्वतःचीच चीड आली तिला. दिवसाउजेडी, दहा हातांवरून बघितलेली गोष्ट, आणि एक बाई घडीभर स्क्रीनसमोर बसली की तिच्या डोक्यातलं उचलून दुसरं काहीतरी ठेवता येतं? मग बोराटेंना काय नावं ठेवायची? आणि तो बिरदेव आठ-दहा वर्षं आत सडला तर ते कुणाच्या डोळ्यांमुळं?

दुपारी लिहिलेला कागद तिनं पर्समधून काढून वाचला. त्यात टॉवेल नव्हता. एकदा सोडून तीनदा वाचला, तेव्हा कुठं तिच्या डोक्यातला टॉवेल विरला.

सकाळी हजेरीच्या आधीच ती ठाण्यात गेली. मुळीक देवापुढं दिवा लावत होते. कॉम्प्युटर चालू करून ती बसली, आणि मुळीकांनी जे कधी केलं नसतं ते तिनं केलं: आदल्या दिवशीचा व्हिडिओ सकाळी कॅमेरा चालू केल्यापासून सलग लावला. चापटीचा आवाज तरी कुठं येतो का, हे तिला ऐकायचं होतं. आवाज नव्हता; सिद्धूच्या हॉर्नखाली सगळं मेलं होतं. पण त्याच्या कितीतरी आधी, ठाण्याच्या आवारातल्या हजेरीत, ओळीत उभ्या असलेल्या मुळीकांच्या गळ्याला लाल टॉवेल होता.

तिनं डोळे चोळले. व्हिडिओ पुढं गेला. पाण्याच्या टाकीला टॉवेल होता. लिंबाच्या झाडाला होता. झेंड्याच्या खांबाला होता. रस्त्यावर आल्यावर तो एसटीच्या लाल रंगात मिसळून गेला होता, म्हणून तिथं कुणाला दिसला नाही. जिथं एसटी बाजूला सरली आणि बोराटेंचा गळा समोर आला, तिथं तो परत उगवला.

योगिनीनं कॅमेरा हातात घेतला आणि खिडकीपाशी तिरका धरला. काचेच्या वरच्या कडेला बोटभर पट्टा. वाळलेलं कुंकू.

"काका," ती म्हणाली. "इकडं या."

मुळीक आले. तिनं त्यांना त्यांचाच गळा दाखवला, मग टाकी दाखवली, मग काच दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रायफलीवर, बेडीवर, कॅमेऱ्यावर ओढलेलं बोट स्वतःचं. आणि त्याच कुंकवाचा टॉवेल करून एका पोराच्या गळ्यात फास अडकवलेला, तोही स्वतःच.

"म्या लावलेलं हाय," ते शेवटी पुटपुटले.

"व्हय. आता साहेबांना सांगा."

मुळीकांनी दाराकडं बघितलं. "सांगून काय व्हणार? कागद गेलं वर. चार जबाब झालं, मुद्देमालाला सील लागलं. आता टॉवेल नव्हता म्हणायचं, तर सील कशाला लावलं? सगळं ठाणं आत जाईल. माझी रिटायरमेंट तोंडावर आलीय." मग त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढं धरला. "पूस त्ये. अन् गप ऱ्हा."

पूजा झालेली काच पुसायला हा माणूस स्वतःचा रुमाल देत होता. योगिनीच्या तोंडात शिवी आली होती. ती गिळली, कारण वयानं बापासारखा माणूस. पण कॅमेरा तिनं छातीला लावला आणि वरून हात ठेवला.

"रुमाल ठिवा खिशात," ती म्हणाली. "ह्याला आता कुणी हात लावायचा न्हाय."

कॅमेरा तिच्या सहीवर होता, म्हणून इंदापूरच्या कोर्टात तिला नेणं भागच होतं. बोराटेंनी तिला गाडीतच बसून राहायला सांगितलं. आवारात वडाखाली गेणबा बसला होता, डाव्या कानावर पटका दाबून. त्याच्याजवळ वृषाली नावाची तरणी वकीलबाई उभी होती. बिरदेवच्या कंपनीतल्या पोरांनी वर्गणी काढून तिला उभं केलं होतं. योगिनी पाणी प्यायच्या निमित्तानं उतरली आणि जाता जाता थांबली.

"वकीलबाई, कॅमेरा कुणाच्या छातीवर होता ते विचारा," ती हळूच म्हणाली. "अन् तो पुसू देऊ नका."

वृषालीनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं आणि मान हलवली.

कोर्टात बोराटेंनी खणखणीत आवाजात पोलीस कोठडी मागितली. टॉवेल, गळा, ठार मारण्याचा प्रयत्न, सगळं व्यवस्थित सांगितलं. सील लावलेलं पाकीट पुढं केलं. व्हिडिओ लॅपटॉपवर दाखवला, अर्थात थांबवून. न्यायाधीशबाईंनी स्क्रीनवरचा लाल पट्टा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. आरोपीच्या पिंजऱ्यात बिरदेव मान खाली घालून उभा होता.

वृषाली उठली. "हा कॅमेरा ज्यांच्या छातीवर होता, त्यांना बोलवावं, अशी विनंती आहे."

"त्याची काय गरज?" बोराटे म्हणाले. "व्हिडिओ स्पष्ट आहे."

"बोलवा," बाई म्हणाल्या.

योगिनी पुढं आली. टॉवेल बघितला का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "नाही मॅडम. टॉवेल नव्हता." मग व्हिडिओत काय दिसतंय, असं विचारलं तेव्हा तिनं विचारलं, "परवानगी असेल तर हा कॅमेरा इथं एकदा चालू करू का? तसाच आहे. पुसलेला नाही."

बाईंनी थोडा विचार केला आणि होकार दिला. योगिनी बोराटेंसमोर जाऊन उभी राहिली, अगदी तोंडासमोर. कॅमेरा चालू केला. कुणी कुणाला हात लावला नाही. कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग कॅमेऱ्यातलं चित्र लॅपटॉपवर लावलं.

स्क्रीनवर फौजदार युवराज बोराटे कोर्टात हात मागं बांधून सरळ उभे होते आणि त्यांच्या गळ्याला लाल टॉवेल आवळलेला होता.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. बोराटेंचा हात परत गळ्याकडं गेला, अर्ध्यातच थांबला.

"आता माझ्याकडं वळवा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

योगिनी वळली. त्यांच्या काळ्या कोटावरही तोच टॉवेल आला. बाईंनी स्वतःलाच स्क्रीनवर बराच वेळ बघितलं. मग टेबलावरचं सील केलेलं पाकीट दोन बोटांनी उचललं.

"मग हा कुठला?"

बोराटेंनी सिद्धूकडं बघितलं. सिद्धूनं पायांकडं बघितलं. जे कळायचं ते सगळ्या कोर्टाला कळलं.

खुनाच्या प्रयत्नाचं कलम तिथंच लटकं पडलं. कोठडी मिळाली नाही. बिरदेवला जामीन झाला. खोट्या मुद्देमालाची चौकशी करा म्हणून बाईंनी आदेश लिहायला घेतला. गोष्ट इथं संपली असती तर बरं वाटलं असतं. पण सरकारी कामात अडथळा तसाच राहिला. गळपट्टी धरली होती, ती व्हिडिओत होती आणि ती खरी होती.

"मॅडम, त्याच्या आधी साहेबांनी म्हाताऱ्याला चापट मारली," योगिनी म्हणाली. "म्हणून त्यानं धरलं."

"व्हिडिओत आहे?"

"नाही. माझी मान वळली होती, कॅमेरा नव्हता वळला. मी बघितली."

बाईंनी पेन थांबवलं. कठोर नव्हत्या त्या. "तुम्ही सांगताय ते नोंदवून घेते. पण आधार लागेल. वैद्यकीय दाखला आहे का?"

नव्हता. आरोपीचा दाखला घेतला होता, साहेबांच्या गळ्याचा घेतला होता. म्हाताऱ्याचा कान कुणाच्या कागदात नव्हताच.

बाहेर आल्यावर बोराटे तिच्याजवळून गेले. "बघून घेतो तुला," एवढंच म्हणाले. तिनं बघितलंसुद्धा नाही. वडाखाली गेणबा पोराच्या फाटक्या ओठावरून हात फिरवत होता. योगिनी दिसल्यावर तो उठला.

"पोरी, वकीलबाई म्हनल्या, कुंकवानं घोटाळा केला."

"व्हय आबा."

"मंग ते पुसून टाक आता. पुसलं म्हंजी माजी चापट दिसंल न्हवं?"

काय सांगावं त्याला? योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. एवढ्या मोठ्या कोर्टात, एवढ्या हुशार माणसांत, जी गोष्ट खरोखर झाली ती दिसत नव्हती आणि जी झालीच नाही तिला लाखेचं सील लागलं होतं.

"न्हाय दिसायची, आबा," ती म्हणाली. "कशानंच न्हाय दिसायची. चला माझ्याबरोबर."

तिनं ठाण्यात फोन करून रजा सांगितली. कशाची रजा, असं मुळीकांनी विचारलं तेव्हा फोन ठेवून दिला. बिरदेवच्या मित्राची गाडी होती. त्यात बापलेकांना बसवून ती थेट बारामतीला दवाखान्यात घेऊन गेली. वर्दी उतरवली नाही, मुद्दामच.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गेणबाच्या कानात बॅटरी धरून बघितलं, दुसऱ्या कानात बघितलं, परत पहिल्यात बघितलं.

"पडदा फाटलाय," त्या म्हणाल्या. "कशानं झालं, आजोबा?"

गेणबाला ऐकू गेलं नाही.

"चापटीनं," योगिनी म्हणाली. "फौजदार युवराज बोराटे यांनी मारली. लोणी देवकरला, रस्त्यावर, माझ्यासमोर."

डॉक्टरीणबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. त्यांनी वर्दीकडं बघितलं, मग तिच्या छातीवरच्या कॅमेऱ्याकडं. त्यांचा आवाज खाली आला.

"व्हिडिओ आहे का?"

एवढं झाल्यावरही तेच. रायटरनं तेच लावून धरलं, फौजदारानं तेच, कोर्टानं तेच, आणि आता फाटलेला पडदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली डॉक्टरही तेच विचारत होती. योगिनीनं छातीवरचा कॅमेरा काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"व्हिडिओ नाही," ती म्हणाली. "मी आहे. मी सांगते तसं लिहा, आणि खाली माझं नाव लिहा. योगिनी कोळेकर, शिपाई. मी बघितलं."

डॉक्टरीणबाईंनी नवा कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली.

गेणबानं योगिनीची बाही ओढली. "काय म्हंत्यात गं त्या?"

ती त्याच्या चांगल्या कानाशी वाकली आणि बाहेरच्या रांगेतल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "लिहित्यात, आबा. तुमची चापट लिहित्यात."